मोसंबीचा पांढरा धागा

आज दुपारी मुलुंडच्या घरी मोसंबी सोलत होते. प्रत्येक फोडीवरचा पांढरा धागा काढून टाकत होते. ही सवय ऐंशीच्या दशकातली. घाटकोपरच्या आमच्या खोलीत बाबा कॅन्सरने आजारी होते आणि त्यांच्यासाठी फोडी साफ करणं माझं काम होतं.

बाबा म्हणायचे, "राहू दे गं थोडं कडू. नाहीतर मोसंबी कसली?"

मी ऐकलं नाही.

माझी भाची मधुरा फळांतल्या द्रव्यांवर संशोधन करते. आज तिने माझा हात धरला. "मावशी, सगळा माल कचऱ्यात टाकतेस ना! या कडू भागात काय काय असतं, ठाऊक आहे?"

तिने मोबाइलवर दोन फोटो दाखवले. एका काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींची दाटी होती. दुसऱ्या बशीत तशाच पेशींवर सालीतलं आणि या पांढऱ्या भागातलं कडू द्रव्य घातलं होतं. तिथे पेशी विरळ होत्या. झाडाने स्वतःला किडीपासून जपायला तयार केलेला कडूपणा, आणि तो हे करत होता. मी बघतच राहिले.

मग विचारलं, "म्हणजे बाबांचं औषध मी फेकलं?"

"नाही गं. हे बशीतलं झालं. माणसांत अजून सिद्ध व्हायचंय. आजोबा धाग्यांनी वाचले नसते."

पुढची फोड मी धाग्यासकट खाल्ली. कडू होती, आणि पहिल्यांदाच मोसंबीसारखी लागली.

बाबांना एवढंच हवं होतं. तुमच्या घरच्या आजारी माणसाने मागितलेलं काय तुम्ही काळजीपोटी काढून टाकलंत?