गारखेड्यातली जपानी साखळी

शिकवणाऱ्याकडे पैसा साठत नाही, किस्से साठतात. त्यातून गारखेड्यात बसून जपानी शिकवत असाल तर विचारूच नका!

पुण्यात जपानीच शिकवणाऱ्या मैत्रिणीने मला आधीच बजावलं होतं, "क्रिया जोडायचा धडा आला ना, की अर्धा क्लास पळतो!" मी धास्तावूनच फळ्यावर लिहिलं: ओकिते, ताबेते, नोन्दे.

मागच्या बाकावर दत्ता होता, शेंद्र्याच्या एका कंपनीत ऑपरेटर. म्हणाला, "मॅडम, हे तर आपलं उठून, जेवून, पिऊन झालं की! यात काय शिकायचं?"

वीस मिनिटांत धडा खलास. मी लगेच मैत्रिणीला फोन लावला. फुशारकी मारायला, दुसरं काय!

*

तेव्हापासून क्लासमध्ये साखळीचा खेळ सुरू झाला. एकाने एक-दोन क्रिया सांगून थांबायचं, शेजाऱ्याने पुढची जोडायची. अडकेल त्याचा चहा.

तहसिलातून रिटायर झालेले कुलकर्णी काका हौसेने शिकायला येत. त्यांनी पहिल्याच दिवशी साखळी हातात घेतली ती सोडेचनात! उठून, दात घासून, आंघोळ करून, फुलं तोडून...

दत्ता कळवळला, "काका, आता तरी घराबाहेर निघा, माझी शिफ्ट सुरू व्हायलीय!"

"थांब रे, अजून गंध उगाळायचंय!"

गंधाला जपानी शब्द शोधायला मला डिक्शनरी काढावी लागली. मास्तरला डिक्शनरी काढायला लावणारा विद्यार्थी मिळायला नशीब लागतं.

*

एकदा कंपनीत मशीन बंद पडली. दत्ताने ती दुरुस्त केली आणि जपानी इंजिनियर सातो-सानला फोनवर जपानीत रिपोर्ट दिला: "मशीन थांबवून, कव्हर काढून..." आणि सवयीने गप्प! शेजारी आमच्याच क्लासचा शेख होता. त्याने तितक्याच सवयीने फोन ओढून पुढचं जोडलं, "तेल पुसून, बेल्ट बदलून..." तोही गप्प! शेवटी दत्तानेच वाक्य संपवलं, "चालू केली!"

सातो-सानने विचारलं, "तुमच्याकडे एक वाक्य दोघं मिळून बोलतात का?"

पण रिपोर्टमध्ये एकही चूक नव्हती, हं!

*

याच सातो-सानने दत्ताला वर्षभराच्या ट्रेनिंगसाठी जपानला न्यायचं ठरवलं. दत्ता हवेत, मी त्याच्याहून हवेत. पण त्याची आई अडून बसली. एकुलता एक पोरगा, पाठवणार नाही म्हणजे नाही. कंपनीला उत्तर द्यायला एकच दिवस उरला, तेव्हा मी शेंद्र्याला त्याच्या घरी, मावशींकडे गेले.

पगार सांगितला, सर्टिफिकेट सांगितलं. मावशी ज्वारी निवडत राहिल्या. दत्ता दाराशी मान खाली घालून उभा. मलाच रडू यायला लागलं.

ज्वारीतला एक खडा बाजूला टाकून मावशींनी विचारलं, "बाई, तिकडची मानसं घरातून निघताना काय म्हनत्यात?"

"इत्ते किमास."

"म्हंजी?"

"जाऊन येतो."

त्यांचा हात सुपात थांबला. "नुस्तं 'जातो' नाय म्हनत?"

"नाही मावशी. कामावर निघाले तरी 'जाऊन येतो'च म्हणतात."

"आन् घरातलं मानूस?"

"इत्ते राश्शाई. जाऊन ये."

मावशींनी सूप बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे सरकून बसल्या.

"सावकाश सांगा, बाई. त्यो निघायच्या दिवशी मला म्हनावं लागंल."