बहात्तरला काय कमी आहे?

शिंत्रेबाईंची आणि माझी ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली. वडिलांना पुण्यात कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही वर्ध्याहून येरवड्याला आलो होतो आणि सदाशिव पेठेतल्या शाळेत, आठवीच्या वर्गात मी नवखी होते. घनमूळ काढायचं म्हणजे तिनाने भागायचं अशी माझी ठाम समजूत. २१६ चं घनमूळ मी बेधडक ७२ सांगितलं. वर्ग खो खो हसला. हसणाऱ्यांपैकी कोणाला फळ्याशी यायचंय, असं बाईंनी विचारलं, तेव्हा सगळे चिडीचूप झाले.

मग त्यांनी मला ७२ चेच मूळ अवयव पाडायला लावले: २×२×२×३×३. दोनांची तिकडी पुरी झाली होती, तिनांची अर्धवट होती.

“याला काय कमी आहे?”

एक तीन, मी म्हटलं. तो दिला आणि २१६ तयार झाले, पूर्ण घन. आता प्रत्येक तिकडीतला एकेकच घ्यायचा: दोन आणि तीन. गुणाकार सहा, तेच घनमूळ. चुकीवर फुली मारणं बाईंना कधी जमलंच नाही. काय कमी आहे, तेवढंच त्या समासात लिहीत.

पुढे घरोघरी संगणक आले. बटण दाबलं की घनमूळ येतं, मग हा खटाटोप कशाला, असं पालक विचारत. येतं ना, बाई म्हणत, पण कुठून आलं ते सांगत नाही.

पण ते नंतरचं. त्याआधी मी दहावीत गेले आणि वडिलांचा कारखाना बंद पडला. आईवडील गावी परत निघाले. तिथे गेले की माझं लग्न उरकणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी वर्गात रडले. त्याच संध्याकाळी बाई मोपेडवरून येरवड्याला आमच्या खोलीवर आल्या. मुलीला राहायला जागाच कमी आहे ना, तर नारायण पेठेत आमच्याकडे आहे, म्हणाल्या.

वडिलांनी विचारलं, “बाई, पोरगी तुमच्या घरी कोन म्हनून राहीन?”

“घरची म्हणून,” बाई म्हणाल्या. “आणि आमच्याकडे सकाळी उशिरापर्यंत लोळायची सोय नाही, तेवढं सांगून ठेवते.”

इंजिनियर होऊन नोकरीला लागेपर्यंत मी तिथेच राहिले. बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांच्या गणितावर विद्वान मंडळी लिहितीलच. माझं मागणं साधं आहे. बाईंचे गुडघे दुखू नयेत, नजर शाबूत राहावी आणि त्यांची शंभरी आम्ही घरच्यांनी घरातच साजरी करावी.