चंद्रभागाबाईंचे पिवळे पडलेले दाणे

चंद्रभागाबाई आमच्या गावातील प्रौढ वर्गात माझ्या शेजारी बसतात. त्यांचे वय बासष्ट वर्षे आहे. वीस हंगाम त्यांनी ऊस तोडला. आता गुडघ्यांमुळे त्या शिरूर कासारजवळ गावीच राहतात आणि केफिर सांभाळतात.

केफिरचे दाणे फुलकोबीच्या तुऱ्यासारखे पांढरे दिसतात व दूध आंबवतात. परळीत राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, दिपालीने, ते दिले होते. पुढे दिपालीच्याच दाण्यांना बुरशी आली. म्हणून ती रविवारी आईकडून निम्मे दाणे नेणार होती.

बुधवारी बाईंनी दूध गाळले, तेव्हा दाणे पिवळे व बुळबुळीत झालेले होते.

त्यांचे पती त्रिंबकराव म्हणाले, "नासलं ते. टाक उकिरड्यावर. माझी कधी इतकी निगा केली न्हाईस."

"तुमी पिवळे पडला असता, तर तुमालाबी गाळून बघितलं असतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दिपालीला फोन लावला.

"आई, वास कसा येतोय?"

"ताकावानी आंबट."

"गुलाबी, हिरवं, काळं काही दिसतंय का?"

"न्हाई."

"मग लगेच टाकू नको. पण असा रंग दिसला तर सगळं फेकून दे."

बाईंनी विचार केला. उसाच्या फडावर असताना त्या थंडीत दह्याचे भांडे चुलीच्या गरम राखेजवळ ठेवीत असत. केफिरही त्यांनी तसेच ठेवले होते. दोष त्या उबेचा असावा, असे त्यांना वाटले; परंतु नुसत्या वाटण्यावर त्यांचे समाधान होत नाही. त्यांनी पाच दाणे एका पेल्यात दुधात घालून चुलीजवळ ठेवले. उरलेले दाणे दुसऱ्या पेल्यात थंड दुधात घालून फडताळात ठेवले. दोन्ही पेल्यांवर कागद चिकटवून स्वतःच्या हाताने जागा व तारीख लिहिली. दूध त्या रोज बदलत होत्या.

शनिवारी चुलीजवळच्या दाण्यांवर गुलाबी ठिपका दिसला. बाईंनी ते दाणे दुधासह फेकले व पेला उकळत्या पाण्याने धुतला. फडताळातील दाण्यांचा बुळबुळीतपणा गेला होता. थोडी पिवळी झाक मात्र राहिली होती.

रविवारी दिपालीने ते हुंगून पाहिले व निम्मे डब्यात घेतले.

"थोडेच हायेत गं, आई."

"वाढतील. पण चुलीपाशी ठेवलेस, तर परत मागायला येऊ नकोस."