जावयाने पाना धरू नये

माझं पोट लोकांच्या चुका काढण्यावर चालतं. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासायचं आणि त्यातल्या खोडी दाखवून द्यायच्या, ही माझी नोकरी. मी मूळचा पुण्याचा, त्यामुळे पगार नसता तरी हे काम मी हौसेने केलंच असतं, असं बायको म्हणते. हॉटेलचं बिल, शेजाऱ्याचं पार्किंग, लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन, काही म्हणता काही सुटत नाही माझ्या तावडीतून. फक्त एका ठिकाणी माझी गरीब गाय होते. इथे हैदराबादेत, काचीगुड्याच्या सासुरवाडीत.

सासरे जुने हैदराबादी मराठी. सुलतान बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान. आता मेहुणा सांभाळतो. सांभाळतो म्हणजे दिवसातून तीनदा फोनवर सासऱ्यांच्या शिव्या खातो. "गल्ल्यावर बसून मोबाइल बघतोस का रे?" "काल शटर अर्धंच ओढलं होतंस, अक्कल कुठं ठेवलीस?" आणि मला? "या जावईबापू, बसा जावईबापू." लग्नाला तीन वर्षं झाली, पण पाण्याचा तांब्या मी आपल्या हाताने उचललेला त्यांना अजून चालत नाही. अधिक महिन्यात अनारसे आणि चांदीचं निरांजन मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दर रविवारी जेवणं झाली की सगळं घर स्वयंपाकघरात हसत बसायचं आणि मी बाहेरच्या सोफ्यावर पंख्याखाली एकटा. मला वाईट वाटायचं. खरं सांगायचं तर मेहुण्याच्या शिव्यांचा हेवाच वाटायचा. आपल्यालाही या घरात कुणीतरी एकदा नीट झापावं, एवढीच माझी इच्छा होती. पण अशी इच्छा बोलून कशी दाखवणार?

मागच्या वर्षी मी ॲडव्हेंचर बाइक घेतली. डोंगर चढायला, ओढे ओलांडायला बनवलेली गाडी. ती रोज फ्लायओव्हरवरून ऑफिसला जाते. तिचं इंजिन खालच्या बाजूने उघडं असतं. दगड लागून तडा गेला की तेल वाहून जातं, म्हणून त्याच्याखाली ॲल्युमिनियमचं जाड कवच बसवतात. त्याला स्किड प्लेट म्हणतात. मी ती मागवली. "हो, ऑफिसच्या वाटेवर दरडी कोसळतात ना," बायको म्हणाली.

आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पाना बाहेर काढला की वॉचमन शिट्टी मारतो. म्हणून रविवारी सकाळी सासऱ्यांच्या अंगणात गाडी उभी केली, शहाबादी फरशीवर जुनी चादर पसरली आणि आडवा होणार, तेवढ्यात सासरे बाहेर आले.

"नक्को, नक्को. जावयाने जमिनीवर लोळायचं? गल्लीतले काय म्हणतील? तुम्ही खुर्चीवर बसा, मी करतो."

"पप्पा, तुम्ही?"

"हौ, मी. चार बोल्ट तर आहेत."

सासऱ्यांनी उभा जन्म साड्यांच्या घड्या घातल्या. पाना त्यांनी हातात धरलेला बायकोनेही कधी पाहिला नव्हता. ती पायरीवर चहा घेऊन बसली आणि म्हणाली, "पप्पा, सोबतचा कागद तरी वाचा." त्यांनी कागदाची नीट चौघडी घातली आणि खिशात ठेवला.

असं काम करताना चारही बोल्ट आधी सैल लावायचे असतात आणि मग एकेक करून आवळायचे, म्हणजे प्लेट जागेवर येते. सासऱ्यांनी पहिला बोल्ट लावला तो गठ्ठा बांधल्यासारखा करकचून. दुसरा तसाच, तिसरा तसाच. साहजिकच पुढच्या डाव्या बाजूचं भोक जागेवरून सरकलं. त्यांनी चौथा बोल्ट तिरपा घातला आणि जोर लावला. कर्रर्र आवाज झाला.

तो आवाज मी ओळखतो. बोल्ट तिरपा गेला की आटे कापले जातात आणि पकड राहत नाही. फक्त "थांबा" म्हणायचं होतं. दुसरा कुणी असता तर मी दहा मिनिटांचं व्याख्यान दिलं असतं. पण जावयाने सासऱ्याला त्याच्याच अंगणात, त्याच्या मुलीसमोर चूक म्हणायचं?

"छान बसला," मी म्हणालो.

सासरे हात पुसत उठले. मोठ्या खुशीत होते. "आता गाडी पक्की झाली. चला, माझा प्लॉट बघून येऊ, हयातनगरच्या पुढे. रस्ता इतका खराब की बस. प्लेटची परीक्षाच होऊन जाऊ द्या."

दिलसुखनगरला मेट्रोच्या खांबांमधून जात होतो, तेव्हा खालून टकटक सुरू झाली. मागून सासरे म्हणाले, "बसचा आवाज दिसतो." मी म्हणालो, "हो, बसचाच." पुढे एल. बी. नगर ओलांडलं, बस मागे राहिली, आवाज आमच्याबरोबर आला. आता मात्र मला भीती वाटायला लागली. प्लेट सुटून चाकात अडकली तर? मागे सत्तरीचा माणूस. मी वेग कमी केला. तोंड काही उघडलं नाही.

कच्च्या रस्त्याला लागलो आणि तिसऱ्या खड्ड्यात प्लेटचं तोंड खाली पडलं. दगडांवरून खरडत गाडी दोन हात फरपटली आणि मी दोन्ही पाय टेकून ती कशीबशी उभी ठेवली. सासरे उतरले. त्यांनी वाकून खाली बघितलं. डावा बोल्ट वाटेतच कुठेतरी पडला होता आणि एकट्याने भार घेऊन उजवाही निघाला होता.

"हा बोल्ट तिरपा गेलाय, हे तुम्हाला कधी कळलं?"

"बसवतानाच."

"आणि बसचा आवाज?"

"बसचा नव्हता."

त्यांनी हेल्मेट काढून सीटवर ठेवलं आणि सुरुवात केली. "अक्कल आहे का तुला? साऱ्या जगाच्या चुका काढत फिरतोस आणि माझ्यासमोर छान बसला म्हणतोस? मला काय कळतं बोल्टातलं? साडीत एक धागा तिरपा असता तर मी सोडला असता का? मी पडून मेलो असतो तर तेराव्याला पण छान झालं म्हणाला असतास. घरातला माणूस असा मुक्यासारखा बसतो का? गप्प बसायचं ते पाहुण्यांनी."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला उलटा प्रकार. तीन वर्षांचा राग एकदम वर आला.

"पप्पा, मला पाहुण्यासारखं बसवलं कुणी? खुर्ची तुम्हीच दिलीत."

सासरे गर्रकन वळले. त्यांचा प्लॉट समोरच होता; त्याच्या कुंपणापाशी गेले, लोंबणाऱ्या तारेचा एक तुकडा पिळून तोडून आणला आणि प्लेट बांधायला वाकले.

"तिथून नको," मी म्हणालो. "ती सायलेन्सरची नळी तापलेली असते. हात भाजेल. आणि गाठ खाली आली तर दगडाला अडकेल."

ते थांबले. हातातल्या तारेकडे पाहिलं, माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. मग तार पुढे केली.

"मग कर की. माझ्याकडे काय बघतोस?"

मी धुळीत उताणा झोपलो. सासरे हद्दीच्या दगडावर बसून सूचना द्यायला लागले. सगळ्या चुकीच्या होत्या आणि मी तसं दर वेळी सांगितलं. तेवढ्यात त्यांना सासूबाईंचा फोन आला.

"जेवायला थांबू नका, उशीर होईल. गाडी बिघडली. नाही, मी कशाला हात लावतोय? पोरगा करतोय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मेहुणा दुकानात होता, त्यामुळे प्रश्न रास्तच असणार.

"कुठला म्हणजे?" सासरे वैतागून म्हणाले. "आपलाच."