जगनचा डावा हात

जगन फौजेत भरती झाला तेव्हा सगळ्यात जास्त वैतागलो तो मी. पेणला गणपतीच्या कारखान्यात मी रंगकाम करतो, आणि साच्यातून निघालेल्या मूर्तीवर हात फिरवणारा त्याच्यासारखा पोरगा मला पुन्हा मिळाला नाही. शाडूच्या मूर्तीला सांध्यापाशी भेग असते, कुठे खळगा असतो. जगनचा ओला अंगठा तिथून एकदा फिरला की मूर्ती तुकतुकीत. त्याला त्याचं वेडच होतं. रोह्याला मामाकडे गेला तरी मामीच्या चुलीच्या चिरा बुजवून यायचा. अशा पोराचा फौजेला काय उपयोग, असं मी त्याच्या आईला, गिरजाबाईला, तोंडावर विचारलं.

"विठूभावजी, तुमचा कारखाना बघू का माझा पोर बघू?" ती म्हणाली. विषय संपला.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. बेळगावला ट्रेनिंग सुरू झालं. त्यात शेवटी जंगलात कॅम्प असतो. तंबूत राहायचं, पाठीवर ओझं घेऊन डोंगर तुडवायचे, खंदक खणायचे, लुटुपुटीची लढाई करायची. तो पार पडला की कसम परेड, आणि मग पोरगा शिपाई. जो नापास होईल त्याला पुढच्या बॅचबरोबर सगळं पुन्हा. परेडला घरची माणसं येतात. नवरा गेल्यापासून गिरजाबाई रोह्याच्या पलीकडे गेली नव्हती, पण बेळगावला जायचं तिनं पक्कं केलं होतं. मीही बरोबर जायचं, हेसुद्धा तिनंच ठरवून टाकलं.

कॅम्पातली हकीकत जगननं मला नंतर सांगितली. हसत सांगितली, पण तेव्हा त्याची चांगलीच तंतरली असणार.

टेकडीवर हल्ला करायचा तर आधी जमिनीवर मातीची तशीच लहान टेकडी करतात आणि तिच्याभोवती बसून कुठून चढायचं ते ठरवतात. त्यांना शिकवणारे हवालदार गुणाजी उस्ताद साताऱ्याकडचे. पोरगा पेणचा आहे हे त्यांना कळलं होतं. झालं! "ए गणपतीवाले, तू बनव." जगन लांबून टेकडी बघून आला आणि त्यानं अशी काही घडवली की दुसऱ्या तुकड्यांतली पोरं बघायला आली. उस्तादसुद्धा खूश. डाव्या अंगाला छान सलग उतार होता, तेव्हा तिथूनच चढायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सगळे त्या बाजूनं निघाले आणि धडाधड एका नाल्यात पडले. आत करवंदीच्या जाळ्या आणि गुडघाभर चिखल. वर शत्रू म्हणून बसवलेल्या पोरांनी त्यांना तिथल्या तिथं मेलेले ठरवलं.

"हा नाला तू बघितला नव्हतास?" उस्तादांनी विचारलं.

"बघितला होता, उस्ताद."

"मग गेला कुठं?"

जगनला खोटं बोलता येत नाही, ही त्याची आणखी एक खोड. "बुजवला, उस्ताद. बरा दिसत नव्हता."

यावर उस्ताद काय बोलले ते छापण्याजोगं नाही. शेवटी म्हणाले, "खरी लढाई असती तर तुझ्या अंगठ्यानं एवढी पोरं मारली असती. परवा दुसरी टेकडी हाय. ती चुकलास तर परेड इसर."

आईला परेडची तारीख कळवून झाली होती. आळीभर तिनं सांगितलं असणार, हे जगनला न सांगता ठाऊक होतं.

दुसरी टेकडी करायला बसला तर नवीच पंचाईत. काडीनं नाला कोरायचा, आणि याचं लक्ष दुसरीकडे गेलं की अंगठा आपसूक त्यावरून फिरून मोकळा. तीनदा कोरला, तीनदा बुजला. स्वतःच्याच हाताचा त्याला असा राग आला की उजवा हात त्यानं पाठीमागे पट्ट्यात खोवला आणि अख्खी टेकडी डाव्या हातानं केली. वेडीवाकडी, ओबडधोबड. पण नाला होता, घसरण होती, पडका बांधही होता.

"हे काय रे, शेणाचा पो?" पोरं हसली. उस्ताद हसले नाहीत. उकिडवे बसून त्यांनी बोटानं बांधाकडून वाट काढली आणि जगनलाच पुढे चालायला लावलं. सगळे वर पोचले तेव्हा शत्रू चहा पीत बसले होते.

परेडच्या दिवशी बॅण्ड वाजायला लागला तसे माझे डोळे भरून आले, हे कबूल करतो. गिरजाबाई मात्र कोरडी ठणठणीत. परेड सुटल्यावर जगननं उस्तादांना तिच्यासमोर आणलं.

"आई, तुमच्या पोरानं आमाला नाल्यात पाडलं बरं का," उस्ताद हसत म्हणाले, आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

गिरजाबाईला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. "माझ्या पोरानं जल्मात वाकडं काम केलं नाय," ती फणकारली. "तुमीच त्याला वाकडं कराया शिकवलात!"

मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही. पण उस्ताद सरळ उभे राहिले.

"व्हय, आमीच शिकवलं," ते म्हणाले. "तुमच्याकडं परत यायचं हाय ना त्याला."

गिरजाबाईनं पिशवीत हात घातला आणि जगनसाठी पेणहून मांडीवर सांभाळून आणलेले पोह्याचे पापड, सगळेच्या सगळे, उस्तादांच्या हातात ठेवले.