खिडकीकडची जागा

ब्याण्णव-त्र्याण्णवचा मार्च असेल. कॉफीचा फुलोरा बघायला मी बेंगळुरूहून मुद्दाम कोडगूला गेले, तर मळ्यातली फुलं आदल्या दिवशीच तपकिरी पडलेली. चडफडत परतीची बस पकडली.

शेजारी बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतला एक पंप-मेकॅनिक बसला. नखांत ग्रीस, मांडीवर गुंडाळलेला स्वेटर. माझी मराठीतली कुरकुर ऐकून तोही मराठीत बोलू लागला. पाऊस नसेल तर झाडांवर पाणी फवारल्याशिवाय फुलं उमलत नाहीत म्हणे, आणि त्याच मळ्यातला फवारणीचा पंप चालवायला हा पंधरा दिवस तिथे राहिलेला.

“सगळं पांढरंशुभ्र दिसलं असेल ना?” मी विचारलं.

“असेल, अक्का. मी पंपात डोकं घालून होतो. वासानं मात्र जीव नकोसा केला. स्वेटर झुडपावर वाळत घातलेला, तोही अजून वास मारतोय.”

लोकरीत अडकलेल्या सुकल्या पाकळ्या तो कुसळं काढावीत तशा उपटून खाली टाकत होता. माझा नुसता जळफळाट झाला.

“खिडकी स्वल्प उघडा की, अक्का.”

खिडकी माझ्या हाताशी होती, आणि स्वेटरचा मोगऱ्यासारखा वास नाकाशी. बेंगळुरू येईपर्यंत मी ती उघडली नाही.