त्रेचाळीस नंबरचा शर्ट

घरात गोष्ट सांगायची वेळ आली की मलाच पुढं करतात. मी सुरू केलं की मुलं घड्याळाकडं बघतात, आणि मी मुलांकडं बघत नाही. ही गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही.

आमच्या अप्पांचं अग्रहाराच्या पेठेत शिंपीकामाचं दुकान होतं. मुलांच्या एका बोर्डिंग शाळेचे शर्ट दर उन्हाळ्यात आमच्याकडं शिवायला यायचे. धोब्याकडं अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक कॉलरच्या आत मुलाचा नंबर लाल दोऱ्यानं घालायचा. ते काम माझं. एका वर्षी त्याच शाळेत माझा थोरला भाऊ, अण्णा, राहायला गेला. नंबर त्रेचाळीस. मला वाटलं, जणू राजवाड्यातल्या महाराजांनीच बोलावून घेतलं. त्याच्या कॉलरला मी दुपदरी दोरा वापरला.

दसऱ्याच्या सुट्टीला तो आला, तो परत गेलाच नाही. का, ते अप्पांनीही विचारलं नाही. आमच्या घरात सगळ्यांना सांगता यायचं. विचारता कुणालाच येत नव्हतं.

येताना त्यानं एक जाड इंग्रजी कादंबरी आणली होती, अशाच एका बोर्डिंग शाळेतल्या मुलांची. दुपारी मी काज-बटणं करायची आणि तो समोर बसून ती आमच्या मराठीत सांगायचा. उशांची मारामारी, क्रिकेट, स्वयंपाकघरातून पळवलेला केक. आणि एक मुलगा, बूट हातात घेऊन जिन्यात बसणारा. तो कुणाशी बोलायचा नाही. बोलला की बाकीचे त्याच्याच आवाजात ते परत म्हणून दाखवायचे.

“आज बोलला का रे तो?”

“नाही. सुम्ने, गप बस आणि बटण लाव.”

रोज हेच. पुस्तक संपलं तरी तो बोलला नाही.

मग युगादीच्या सणाला अप्पांनी अण्णाला नवा शर्ट शिवला. मी मायेनं, आणि अर्थातच न विचारता, कॉलरच्या आत त्रेचाळीस घातलं. मला वाटलं, खूश होईल. त्यानं शर्ट अंगात घातला, मानेला दोरा लागला तसा काढला, आणि उंबऱ्यात बसून ब्लेडनं एकेक टाका उसवला. माझ्याकडं बघितलं नाही. दोरा निघाला, भोकं राहिली. तो शर्ट त्यानं पुन्हा कधी घातला नाही.

गेल्या वर्षी तीच कादंबरी जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडली. चष्मा लावून, डिक्शनरी मांडीवर घेऊन दोन महिन्यांत वाचली. मारामारी होती, केक होता. जिनाही होता. जिन्यात कुणी नव्हतं. तीनदा पानं उलटली.

तेव्हापासून आमच्या सरस्वतीपुरमच्या घराचा जिना मी कडेकडेनं चढते, बसणाऱ्याला जागा सोडून. मुलं म्हणतात, आईचे गुडघे गेले.

शेवटी पुस्तक पिशवीत घालून नंजनगूडला अण्णाकडं गेले.

“अण्णा, जिन्यातला मुलगा यात नाही रे.”

“पानं गाळून वाचली असशील. लहानपणापासूनची खोड तुझी.”

“मग तू दाखव.”

त्यानं पुस्तक घेतलं, उघडलं नाही. मानेमागं हात नेत म्हणाला, “त्या शर्टावर कितवा नंबर घातला होतास गं? आठवतो?”

कुणाच्या लग्नात कुणाला दुसरा लाडू वाढला नाही, हेसुद्धा मला आठवतं.

“नाही,” मी म्हणाले.

“मलाही नाही,” तो म्हणाला. हात मात्र कॉलरवरच होता.